नुसत्या इच्छाशक्तीवर सिगारेट सुटत नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला सिगारेट आणि वेपवरचा, म्हणजे ई-सिगारेटवरचा, लेख वाचला. फुप्फुसं, कॅन्सर, हार्ट सगळं आलंय, पण मनाचं काय होतं त्यावर फक्त 'इच्छाशक्ती हवी' एवढंच, आणि राग त्याचाच आलाय.

माझ्या धाकट्या भावानं दिवाळीच्या तोंडावर सिगारेट सोडली. तिसऱ्या दिवशी आईवर खेकसला, रात्रभर झोप नाही, ऑफिसचा साधा मेल लिहिता येईना. पाहुणे जमलेले, त्यात आमचे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "ओढ रे बाबा एक, ओढत होतास तेव्हाच बरा होतास." त्यानं ओढली, शांत झाला, आणि घरानं ठरवून टाकलं की याचा स्वभावच तापट, याला सिगारेट लागतेच. अहो, स्वभाव कसला! ओढल्यावर निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं, साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं, मग चिडचिड, बेचैनी, कशात लक्ष नाही. पुढची सिगारेट ती बेचैनी तेवढ्यापुरती घालवते आणि माणसाला वाटतं टेन्शन गेलं, पण ते टेन्शन आधीच्या सिगारेटनंच दिलेलं असतं ना. सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचं ओसरतं. हे त्या लेखात असतं तर काकांना दाखवलं असतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली २६ अभ्यास एकत्र तपासून आलंय की सोडणाऱ्यांची चिंता, उदासी, ताण ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी होतो. तरी लोक 'डिप्रेशन येईल' म्हणून सोडत नाहीत.

वेपचं तर त्याहून अवघड, सिगारेट निदान विझते, वेप मुलं उशाशी घेऊन झोपतात. २०१९ मध्ये कायद्यानं विक्री बंद झाली, आमच्या सोसायटीतल्या पोरांना घरपोच मिळतंय, त्यावर कधी बातमी करणार?

आणि लेखासोबतचा फोटो! पावसात धूर सोडणारा देखणा तरुण. सोडायचा प्रयत्न करणाऱ्याला तो बघूनच तलफ येते, एवढं तरी कळायला हवं होतं.

सरकारची सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. निकोटिनचं च्युइंगम केमिस्टकडे मिळतं. लेखात दोन्ही नाही. निदान नंबर तरी उद्याच्या अंकात ठळक छापा, माझा भाऊ परत सोडायचं म्हणतोय आणि त्याच्यासारखे तुमचे वाचकही असतील.

— एक वाचक, चिंचवड