नारामधल्या त्या एका दिवसासाठी, ताई, मनापासून आभार

ताई, जपानहून परत येऊन तीन आठवडे झाले. आईचा रोज कोणाला ना कोणाला फोन चालू असतो आणि दर वेळी गाडी फिरून फिरून नारावरच येते, त्यामुळे म्हटलं आता सगळ्यांसमोरच लिहावं, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं थँक्यू टाकून माझं समाधान होत नव्हतं.

तुमची आमची ओळख ती काय, मावशीच्या मैत्रिणीची भाची ओसाकात असते, एवढीच. मी विचारलं होतं फक्त क्योतोहून ट्रेन कुठली घेऊ आणि गुडघे दुखणाऱ्या ६८ वर्षांच्या बाईला कितपत झेपेल. टूरवाल्यांनी तर हरणं बघा, बुद्ध बघा, दोन तास पुरे असं सांगून टाकलेलं. आणि तुम्ही सरळ सुट्टी टाकलीत! किन्तेत्सू नारा स्टेशनबाहेर कारंज्यातल्या त्या भिक्षूच्या पुतळ्यापाशी उभ्या होतात, आणि "काकू, चहा झाला का?" हे ऐकल्यावर आईचा चेहरा जो खुलला तो रात्रीपर्यंत.

हरणांचं मी विसरणार नाही. तुम्ही आणलेलं थालीपीठ खायला बाकावर बसलो, दोन हरणं येऊन मान डोलवायला लागली आणि आईने सवयीने गोग्रास काढावा तसा तुकडा मोडला. तुम्ही तिचा हात धरून हळूच सांगितलंत की काकू, यांना आपलं काही चालत नाही, तांदळाचा कोंडा आणि पिठाची ती शिका सेन्बेई, म्हणजे हरणांची बिस्किटं, मिळतात तेवढीच द्यायची, आणि प्लास्टिक तर अजिबात खाली ठेवायचं नाही, खाऊन मरतात बिचारी. आईला एवढंसुद्धा लागलं नाही, उलट नंतर तीच बाकीच्यांच्या पिशव्या सांभाळत होती.

तोदाइजी देवळात तर तुम्ही कमालच केलीत. तो १५ मीटरचा बुद्ध बघून कोणीही थक्क होतंच, देऊळ दोनदा जळलं, आत्ताचं १७०९ चं, हे बोर्डवर असतंच. पण ७५२ साली या मूर्तीचे डोळे रंगवून तिची प्रतिष्ठा केली ती बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने, हे मला खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोरी बांधली होती आणि जमलेल्या लोकांनी ती धरली होती, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचा हात लागला. आई लगेच म्हणाली, "रथाची दोरी धरतात तसंच की!" तिला ती मूर्ती एकदम आपली वाटायला लागली.

बाहेर लाल टोपी घातलेल्या बिन्झुरूंची लाकडी मूर्ती, आपला जो अवयव दुखतो तोच त्यांचा चोळायचा. तुम्ही सांगितलंत हे मूळचे बुद्धाचे शिष्य पिंडोल भारद्वाज, आणि आईचं माहेरचं गोत्र भारद्वाज! किती वेळ त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी होती. गुडघा दुखायचा थांबला नाही, पण वरच्या निगात्सुदो देवळाच्या पायऱ्या ती चढली, चार पायऱ्या झाल्या की थांबायचं, आणि प्रत्येक वेळी तुम्ही स्वतःच दमल्यासारखं करून थांबत होतात. मला कळत होतं ताई.

वर सज्जात, खाली दाइबुत्सुदेनचं, म्हणजे त्या मोठ्या बुद्धाच्या देवळाचं छप्पर आणि पलीकडे सगळं शहर उन्हं उतरताना दिसत होतं, तेव्हा तुम्ही सांगितलंत की सकाळी आपण भेटलो तो पुतळा ग्योकी यांचा. बुद्धाच्या मूर्तीसाठी लोकांमध्ये फिरून वर्गणी जमवणारे ते. आणि ७३६ साली बोधिसेन जहाजाने नानिवाला, म्हणजे तुमच्या ओसाकाला उतरले तेव्हा त्यांना घ्यायला बंदरावर गेले ते हेच. आई गप्पच झाली. मग म्हणाली, "आणि आपल्याला घ्यायला ही आली."

परत निघताना तिने त्या पुतळ्याला नमस्कार केला आणि तुम्हाला मिठी मारली, ती मिठी मारणाऱ्यातली नाही हो, आम्हालासुद्धा कधी नाही मारत.

गोडा मसाला आणि मेतकूट कालच कुरियर केलंय. पुण्यात आलात की हॉटेल बिटेल काही बघायचं नाही, स्टेशनवर घ्यायला मी येणार आहे.