बोर्डाची तपासणी एकदा रात्री येऊन करा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी एस.टी.त अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली निम्मी वर्षं नाईट ड्युटीच केली, आता रिटायर होऊन विजापूर रोडच्या बाजूला राहतो. आमच्या चौकात वळणाच्या अगदी तोंडावर मोठा एलईडी बोर्ड लागलाय आणि त्याबद्दल मला लिहायचंय, कारण असले बोर्ड आता शहरात वाढतच जाणार आहेत आणि आत्ताच कोणी बोललं नाही तर नंतर बोलून काही उपयोग नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळचे सव्वासात झाले असतील, नातवाला क्लासवरून घेऊन स्कूटरवर येत होतो, चौकात डावीकडं वळलो आणि त्याच क्षणाला बोर्डावरची जाहिरात बदलली. आधीची काळी-निळी होती ती गेली आणि एकदम सगळा पडदा पांढराफेक झाला, डोळ्यासमोर नुसता उजेड, रस्ता गायबच. ब्रेक दाबला तो सवयीनं, काही दिसलं म्हणून नाही. गाडी थांबली तेव्हा पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर एक बाई उभी होती, गारमेंटमधून सुटून घरी चालली होती, दचकून तिच्या हातातला जेवणाचा डबा खाली पडला आणि झाकण घरंगळत डिव्हायडरला जाऊन लागलं. मी उतरलो, झाकण उचलून दिलं, माझे हात थरथरत होते. ती म्हणाली, तुमचा काय दोष नाही काका, इथं रोजच असं होतंय. मागं एक रिक्षावाला पोरगा थांबला होता, पंचवीसचा पण नसेल, तो पण म्हणाला, काय दिसंना की हो इथं वळताना. म्हणजे हा माझ्या वयाचा प्रश्न नाही. वय झालं की डोळ्यात उजेड जास्त फाकतो हे मला डोळ्याच्या डॉक्टरनी समजावून सांगितलंय ते मान्य आहे, पण त्या पोराचं काय?

रात्रीची गाडी चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. समोरून कोणी अप्पर मारत, म्हणजे हेडलाईट वर ठेवून आला तर आपण डिप्पर देतो, म्हणजे लाईट खाली-वर करून खूण करतो, शहाणा असला तर तो लाईट खाली घेतो, नसला तर आपण नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवून गाडी हळू काढतो, आम्हाला सीनियर ड्रायव्हरनी पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं. बोर्डाला डिप्पर कसा द्यायचा? आणि डावीकडं बघायचं म्हणलं तर बोर्ड डावीकडंच आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर जोरात उजेड पडला की बाहुली एकदम लहान होते, आणि परत अंधारातलं नीट दिसायला वेळ लागतो. ताशी ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे साधारण एका एस.टी.ची लांबी. दोन सेकंद दिसलं नाही तर दोन एस.टी. एवढा रस्ता तुम्ही आंधळ्यासारखा कापलात, आणि चौकात तेवढ्या अंतरात माणसं असतात.

मी बोर्डाच्या विरोधात नाही. दुकानदाराला जाहिरात लागते, शहराला त्यातून चार पैसे मिळतात. पूर्वी पेंटरनी रंगवलेले बोर्ड असायचे, वर टोपीवाले बल्ब लावलेले, उजेड बोर्डावर पडायचा आणि आपल्याला फक्त बोर्ड दिसायचा. एलईडीचं तसं नाही, तो स्वतःच दिवा आहे आणि त्याचं तोंड सरळ तुमच्याकडं आहे. माझा भाचा डिस्प्लेच्या लाईनमध्ये आहे, तो सांगतो की आपल्या सोलापूरच्या भर उन्हात स्क्रीन दिसायला पाच हजार निटच्या (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) आसपास ब्राईटनेस ठेवावा लागतो, पण रात्री तीनशे निट खूप झाले. सेन्सर बसवला की अंधार पडल्यावर ब्राईटनेस आपोआप खाली येतो, ती सोय या पडद्यात करता येते, फक्त ती चालू आहे की नाही ते कोणीतरी बघायला पाहिजे ना. आमच्या घरात रात्री अकराला भिंतीवर लाल-निळं नाचत असतं, पडद्यानं भागेना म्हणून बायकोनं बेडरूमच्या खिडकीला सोलापुरी चादर लावली, तीही डबल करून, उन्हाळ्यात.

तक्रार दिली होती मी, लेखी. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, शेवटी एक साहेब येऊन बघून गेले, कधी तर सकाळी अकराला! टेप लावली, फोटो काढला, कागदावरच्या मापाप्रमाणे आहे म्हणाले. मी म्हणलं साहेब रात्रीचा उजेड दिवसा कसा कळणार, तर म्हणाले आमची ऑफिसची वेळ ती आहे. माणूस वाईट नव्हता, चहा पण घेतला आमच्याकडं, पण जे तपासायचं होतं ते तपासलंच गेलं नाही.

नियम नाहीत असं नाही. १९४९ च्या महापालिका अधिनियमात कलम २४४ आणि २४५ यासाठीच आहेत, आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय असा फलक लावता येत नाही. २०२२ ला राज्य सरकारनं महापालिकांसाठी जाहिरात फलकांचे वेगळे नियम काढले. त्याच्याही खूप आधी, १९७२ ला इंडियन रोड्स काँग्रेसनं, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं, रस्त्याकडेच्या जाहिरातींचं धोरण छापलंय, त्यात उघडझाप होणारा, हलणारा किंवा ड्रायव्हरचे डोळे दिपवणारा उजेड नको असं स्पष्ट लिहिलंय आणि जंक्शनपासून १०० मीटर, शहरात फार तर ५० मीटर लांब राहा असंही सांगितलंय. आमचा बोर्ड वळणापासून माझ्या पावलांनी वीस पावलांवर आहे, मी स्वतः मोजलंय.

कागद नीट आणि जागेवर भलतंच, हे किती महागात पडतं ते आपण बघितलंय. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग पडून १७ माणसं गेली, तिथं ४० बाय ४० फुटाची मर्यादा आणि बोर्ड १२० बाय १२० चा, म्हणजे नऊपट. पुण्यात २०१८ ला जुन्या बाजाराजवळ सिग्नलला थांबलेल्या रिक्षांवर सांगाडा कोसळला, चार जण गेले. आपल्याकडं मे महिन्यात वळीव कसा येतो ते सोलापूरकराला सांगायला नको, पत्रे उडतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोर्डावरचा दाब चौपट होतो, त्यामुळं मे लागायच्या आधी प्रत्येक सांगाड्याचे नट-बोल्ट आणि वेल्डिंग बघितलंच पाहिजे. वाढदिवसाचे फ्लेक्स सिग्नलच्या खांबाला बांधतात ते तर वेगळंच, त्यावर हायकोर्टानं ३१ जानेवारी २०१७ लाच सगळ्या महापालिकांना आदेश दिलेत.

माझी विनंती एवढीच आहे की नवीन बोर्डाला परवानगी देताना आणि दरवर्षी रिन्यू करताना एक तपासणी अंधार पडल्यावर व्हावी, गाडीवर बसून, चारी बाजूनी त्या चौकात वळून. वळणावरच्या बोर्डावर व्हिडिओ आणि पांढरा फुल स्क्रीन बंद करावा, रात्री अकरानंतर बोर्ड बंदच ठेवावा, आणि परवानगीचा नंबर, मुदत आणि तक्रारीचा फोन खालून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात बोर्डावरच लिहावा. यात खर्च कितीसा आहे?

संबंधित अधिकाऱ्यांनी हे पत्र वाचलं तर त्यांनी कुठल्याही दिवशी संध्याकाळी सातला आमच्या चौकात यावं. मी स्कूटर घेऊन थांबतो, त्यांना मागं बसवून एकदा डावीकडं वळवून दाखवतो. गारमेंट सुटायची वेळ तीच आहे.

आपला,
एक निवृत्त एस.टी. ड्रायव्हर, सोलापूर