पुतळे गेले, आता नाणेघाटातला लेख तरी राखा

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. त्यासाठी दिल्लीपुढे जे पुरावे मांडले, त्यांत आमच्या जुन्नरजवळच्या नाणेघाटाचा शिलालेखही होता. साहेब, त्या पुराव्याकडे आता जरा बघा.

घाटघरकडून माथ्याजवळ गाडी जाते. कोकणातून, वैशाखऱ्याहून चढायचे तर घाम निघतो. कल्याण-सोपारा या जुन्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला यायचा. वर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असे सांगतात. खिंडीच्या तोंडाशी लेणे, आणि त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा त्यात चक्क हिशेब आहे: गायी 1700, हत्ती 10, शिवाय घोडे, कार्षापणे म्हणजे तेव्हाची नाणी. हे आकडे अंकचिन्हांत कोरलेले आहेत. भारतीय अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी त्यांचा अर्थ 1877 मध्येच लावून दाखवला.

मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका, महारठी त्रणकयिर, राजकुमार. आज वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा, मधली माणसे नाहीत. लेखातलीही बरीच अक्षरे झिजून गेली आहेत. कातळ पावसाळाभर पाझरतो, त्याला इलाज थोडा. पण लेण्यात चूल पेटवणाऱ्यांना आणि बदामात स्वतःचे नाव कोरणाऱ्यांना अडवायला कोणाची हरकत आहे?

मागणी मोठी नाही. दोन्ही भिंतींचे त्रिमितीय स्कॅनिंग येत्या पावसाळ्याआधी करून घ्या आणि ते अभ्यासकांना खुले ठेवा. उद्या अक्षर गेले तरी त्याची नक्कल राहील. पावसाळ्यात शनिवार-रविवारी वाऱ्याने पाणी वर उडवणारा उलटा धबधबा बघायला झुंबड उडते, त्या दिवसांपुरती तरी घाटघरचीच चार पोरे पगारावर राखणीला ठेवा. लेण्यात मुक्काम आणि स्वयंपाक बंद. सुशोभीकरण मात्र कृपा करून नको. पेव्हर ब्लॉक आणि रंगीत दिवे आम्ही इतरत्र पुष्कळ पाहिले आहेत.

‘हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे काम’ असे उत्तर येईल, हे गृहीत धरले आहे. अभिजात दर्जासाठी राज्याने केंद्राकडे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. या एका लेण्यासाठी एक पत्र धाडायला अडचण नसावी. त्या पत्राची प्रत जाहीर करावी, ही विनंती.

आपली,
जुन्नर तालुक्यातील एक इतिहास शिक्षिका