‘हॉल सेन्सर’ सांगून विकलेल्या योकच्या पिच ॲक्सिसबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय: फ्लाइट सिम्युलेटरच्या योकमधला दोष, वॉरंटी नाकारल्याबद्दल आणि खरेदीपूर्वी दिलेल्या चुकीच्या सल्ल्याबद्दल

महोदय,

पाच महिन्यांपूर्वी मी तुमच्याकडून घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी योक (विमानाचं हातात धरायचं सुकाणू), थ्रॉटल क्वाड्रंट (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचे लिव्हर) आणि रडर पेडल (नाक डावी-उजवीकडे वळवणारे पायातले पेडल) असा पूर्ण संच घेतला. पेडल उत्तम आहेत. थ्रॉटलचं थोडं रडगाणं आहे, ते पुढे सांगते. पण हे पत्र मुख्यतः योकबद्दल आहे आणि योकमध्येही एकाच ॲक्सिसबद्दल: पिच, म्हणजे योक मागे-पुढे करून नाक वर-खाली नेण्याचा. तुमच्या मदत कक्षाला तीन मेल केले. तिन्हींना उत्तरं आली, पण मी विचारलं होतं त्याचं उत्तर एकातही नव्हतं, आणि तिसऱ्यात तर तक्रार परस्पर बंद करून टाकली. म्हणून थेट तुम्हाला लिहिते आहे.

आधी दोष काय आहे ते सांगते. सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन ६५ नॉटने फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरायला यायचं, धावपट्टीचा उंबरठा ओलांडला की पॉवर काढायची आणि नाक हळूहळू वर घेत राहायचं. विमान तरंगतं, वेग उतरतो, तसतसा योक आणखी थोडा मागे. यात हाताचा प्रवास जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. सगळं कसब त्या दोन-तीन सेंटिमीटरांत असतं. नेमकं तिथेच, माझा हात जागचा हललेला नसताना नाक एकदम उसळतं, मी दचकून योक पुढे सोडते आणि विमान पुढच्या चाकावर आपटतं. पहिले काही दिवस मला वाटलं, माझंच लँडिंग बिघडलंय.

मग एका संध्याकाळी ॲक्सिसचे कच्चे आकडे दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम उघडला, योक मध्यावर सोडून दिला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसले. तुमचा योक १२ बिटचा आहे, म्हणजे आकडा ० ते ४०९५ मध्ये फिरतो आणि मध्य साधारण २०४८ ला येतो. रोलचा (पंख कलवण्यासाठी योक फिरवण्याचा) आकडा २०४७ वर बसला तो बसलाच. पिचचा मात्र २०३१, २०६६, २०४०, मध्येच २१९०, परत २०३८. कुणी हात लावलेला नाही, टेबलाला धक्का नाही. योक पूर्ण मागे ओढून धरला तर हा नाच बराच कमी होतो, मध्यावर सर्वांत जास्त. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. व्हिडिओ सोबत जोडला आहे.

पहिल्या मेलला उत्तर आलं की ड्रायव्हर पुन्हा टाका, दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावा, कॅलिब्रेशन करा. केलं. दुसऱ्या संगणकालाही लावून पाहिलं. आकडे तसेच नाचले.

दुसऱ्या मेलला उत्तर आलं की पिचला ८ टक्के डेडझोन द्या, म्हणजे मध्याजवळची तेवढी हालचाल सॉफ्टवेअरला दुर्लक्षित करायला सांगा. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुमच्या योकचा मध्यापासून मागेपर्यंतचा प्रवास मी पट्टीने मोजला, सहा सेंटिमीटर भरला. पुढेही तेवढाच. त्याचे ८ टक्के म्हणजे सुमारे अर्धा सेंटिमीटर. दोन्ही बाजूंचा मिळून जवळजवळ एक सेंटिमीटर पट्टा मुका करून टाकायचा. त्या पट्ट्यात मी योक हलवेन आणि विमानाला पत्ताच लागणार नाही. विमान उडवताना माणूस नव्वद टक्के वेळ मध्याच्या आसपासच असतो हो! कडेपर्यंत योक नेण्याची वेळ क्वचित येते. दुखरा दात आहे म्हणून त्या बाजूने चावूच नका, असा हा सल्ला आहे.

त्यातून ट्रिमचा, म्हणजे हात न लावता नाक एका जागी राहावं अशा जुळवणीचा प्रश्न आणखी चिघळतो. खऱ्या सेसनात योकवर हवेचा दाब येतो. वेग बदलला की दाब बदलतो, मग ट्रिमचं चाक फिरवत राहायचं, हातावरचा भार उतरेपर्यंत. योक जिथे धरला असेल तिथेच राहतो, फक्त जड वाटायचा थांबतो. स्प्रिंगच्या योकला हे जमत नाही, कारण स्प्रिंगचा मध्य हलत नाही. तिथे उलटं करावं लागतं: ट्रिम देत जायचा आणि त्याच अंदाजाने योक सैल सोडत मध्यावर आणायचा. ही तडजोड मी मुकाट्याने स्वीकारली आहे. मोटरने हाताला तसा दाब देणारा फोर्स फीडबॅकचा योक माझ्या ऐपतीबाहेरचा आहे आणि ती काही तुमची चूक नाही. पण ज्या मध्यावर मला योक आणून सोडायचा, तोच मध्य नाचरा असेल किंवा मुका असेल, तर ट्रिम जुळणार कशाला? विमान सतत शंभर-दोनशे फूट वर, शंभर-दोनशे फूट खाली, असं डुलत राहतं.

आता तिसरं उत्तर, ज्याच्यामुळे हे पत्र लिहावं लागलं. तुमचा मदत कक्ष लिहितो, “पिच ॲक्सिसमधील अस्थिरता ही वापरामुळे होणारी सर्वसाधारण झीज असून ती वॉरंटीत येत नाही.”

झीज कशाची, एवढंच सांगा.

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘हॉल सेन्सर, संपर्करहित, झीज नाही’. हॉल सेन्सर म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, पण तुमच्या मदत कक्षाला कुणीतरी सांगायला हवं. एडविन हॉलला १८७९ मध्ये जो परिणाम सापडला, त्याच्यावर हे सेन्सर चालतात. दांड्याबरोबर चुंबक फिरतो आणि सेन्सर त्याच्या क्षेत्रावरून जागा ओळखतो. दोघे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. जिथे काही घासत नाही तिथे घासून झिजणार काय? झिजतो तो पोटेन्शिओमीटर. त्यात कार्बनच्या पट्टीवरून एक धातूची जीभ सतत सरकत असते. पट्टी झिजते, कचरा साठतो, आकडा थरथरतो आणि मध्येच उडी मारतो. सर्वांत आधी पट्टी कुठे झिजणार? जिथे जीभ सर्वांत जास्त वेळा जाते-येते तिथे. म्हणजे मध्यावर. वर लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हेच.

त्यामुळे दोनच शक्यता उरतात. पिचला खरोखर हॉल सेन्सर असेल, तर ही झीज नाही, सरळसरळ दोष आहे आणि दोन वर्षांच्या वॉरंटीत येतो. किंवा पिचला पोटेन्शिओमीटर आहे, आणि मग खोक्यावर छापलेलं खोटं आहे. तुमच्याच मदत कक्षाने ‘झीज’ हा शब्द लिहून दिलाय, म्हणून माझा कौल दुसऱ्या शक्यतेला.

योक मी उघडलेला नाही. उघडला की वॉरंटी गेली असं स्टिकर तुम्ही स्क्रूवरच चिकटवलंय. म्हणून एक घरगुती उपाय केला. जुन्या बिघडलेल्या हेडफोनमधला लहानसा पण जोरदार चुंबक काढला आणि योक बाहेरून हात न लावता तो आवरणावरून हळूहळू फिरवला. रोलच्या बाजूला एका ठिकाणी चुंबक नेला की रोलचा आकडा दोन-अडीचशेने सरकतो आणि चुंबक उचलला की परत जागेवर येतो. सेन्सरला शेजारी आलेला परका चुंबक जाणवतोय, उघड आहे. मग पिचचा दांडा ज्या भागात सरकतो तिथे वरून, खालून, दोन्ही बाजूंनी चुंबक फिरवला. पिचचा आकडा आपल्याच तालात थरथरत राहिला, चुंबकाची त्याने दखलही घेतली नाही. हा काही प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे, मला मान्य आहे. पण तुम्ही उघडून दाखवेपर्यंत माझ्याकडे एवढाच आहे. मी हेच स्पष्ट विचारलं तेव्हा उत्तर आलं होतं, “मुख्य ॲक्सिसला हॉल सेन्सर आहे.” मुख्य कोणता? ज्याच्यावर लँडिंग होतं तो मुख्य नाही?

खरेदीपूर्वीच्या सल्ल्याचाही हिशेब इथेच करते. मी तुमच्या विक्री सल्लागाराला लेखी विचारलं होतं की मी निम्मा वेळ सेसना आणि निम्मा वेळ एअरबस ए३२० हे मोठं प्रवासी विमान उडवते, तर योक घ्यावा की स्टिक (एका हाताने धरायची दांडी). उत्तर आलं, “योक घ्या, दोन्हींना चालतो, जास्त खरा वाटतो.” ए३२० मध्ये योक नसतोच. तिथे वैमानिकासमोर ओढून घ्यायचं टेबल असतं आणि नियंत्रणाची स्टिक बाजूला. शिवाय ती स्टिक खऱ्या विमानातही स्प्रिंगचीच असते. हवेचा दाब हाताला कळत नाही, आणि नेहमीच्या उड्डाणात ट्रिम विमान स्वतःच करतं. म्हणजे घरची साधी, चांगल्या सेन्सरची स्टिक ए३२० ला जवळजवळ तंतोतंत शोभते, आणि स्प्रिंगचा कितीही दिमाखदार योक सेसनाला अर्धवटच शोभतो. हे मला तेव्हा कळलं असतं, तर मी तुमच्याकडून पेडल आणि डाव्या हाताला चालणारी स्टिक घेतली असती. कॅप्टन डावीकडे बसतो, त्याची स्टिक डाव्या हातात असते. योकचा विचार सावकाश केला असता. माझ्या प्रश्नाला “आधी कोणत्या विमानासाठी हवंय?” असा उलट प्रश्न न येता थेट महागड्या वस्तूचं नाव आलं, यातच सगळं आलं.

‘खरा वाटतो’ हे तुमच्या जाहिरातीतही ठायी ठायी आहे, आणि ते सगळं डोळ्यांसाठी आहे. मॅग्नेटोची किल्ली, दिव्यांची बटणं, त्यांच्यामागे पेटणारा प्रकाश. बटणं छान आहेत, मी नाकारत नाही. पण एडविन लिंकने १९२९ साली ऑर्गनमध्ये असतात तसले हवेचे भाते लावून आपला पहिला ट्रेनर बनवला, पुढे त्याच्यावर झाकण टाकलं की आत बसलेल्याला बाहेरचं काहीही दिसत नसे. समोर फक्त यंत्रं आणि हातात नियंत्रण. दुसऱ्या महायुद्धातले किती वैमानिक आंधळं उड्डाण, म्हणजे बाहेर न बघता फक्त यंत्रांवरून उडणं, त्याच्यावर शिकले. खरेपणा कुठे असतो हे त्या निळ्या डब्याला कळत होतं. तुमचा योक म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

थ्रॉटलबद्दल थोडक्यात. एअरबससाठी दिलेल्या खाचांपैकी क्लाइंबच्या (वर चढण्याच्या) खाचेत लिव्हर बसतो, पण आकडा दर वेळी वेगळा येतो. कधी तो खाचेच्या हद्दीबाहेर पडतो आणि मग ‘लिव्हर क्लाइंब’ अशी सूचना पडद्यावर लुकलुकत राहते. एरवी टेक-ऑफनंतर लिव्हर त्या खाचेत आणला की लँडिंगला विमान “रिटार्ड” (लिव्हर मागे घ्या) म्हणेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. सॉफ्टवेअरमध्ये खाचेची हद्द वाढवून मी हे निभावून नेलंय. याच्यासाठी भांडत नाही, नोंद असावी म्हणून लिहिलं.

आणि पेडलचं कौतुक खरंच करायचं आहे. आधी माझ्याकडे मूठ पिळून रडर देणारी जॉयस्टिक होती. टेक-ऑफला सेसनाचं नाक डावीकडे ओढ घेतं, उजवा रडर द्यायला मूठ पिळावी तर मनगटाबरोबर स्टिकही कलायची आणि पंख खाली जायचा. तुमच्या पेडलांनी तो ताप संपवला. टाचेखालचा आधार, पंजाने दाबायचे दोन स्वतंत्र ब्रेक, मध्यावरून जाताना कुठेही खटका नाही. हे ज्यांनी बनवलं त्यांनी योकच्या पिचकडेही बघितलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

माझी मागणी अशी. दोन्ही ॲक्सिसना हॉल सेन्सर असलेला योक बदलून द्यावा, आणि तो तसा आहे हे लेखी कळवावं. असा योक तुमच्याकडे नसेल तर फक्त योक परत घेऊन त्याची पूर्ण किंमत द्यावी; पाठवण्याचा खर्च तुमचा. पेडल आणि थ्रॉटल मी ठेवते आहे. खोक्यावरचं आणि विक्रीच्या पानावरचं वर्णन, कोणत्या ॲक्सिसला कोणता सेन्सर हे स्पष्ट लिहून, दुरुस्त करावं. डेडझोन, ड्रायव्हर किंवा कॅलिब्रेशन सुचवणारं चौथं उत्तर कृपया पाठवू नये. पंधरा दिवसांत लेखी उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, पिच आणि रोलच्या आकड्यांचा व्हिडिओ, चुंबक फिरवतानाचा व्हिडिओ, सल्लागाराचं उत्तर आणि मदत कक्षाची तिन्ही उत्तरं.

ता. क. मूळ खोका मी जपून ठेवला आहे. ‘झीज नाही’ छापलेल्या बाजूचा फोटो जोडला आहे; योक त्याच खोक्यातून परत येईल.