आपल्याच गावच्या एका हेडमास्तरांविषयी

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "कॉलेजच्या बिझनेस क्लबमधल्या सगळ्यांचं ठरलंय, माझंच काही ठरत नाहीये." बाबांनी लगेच फायनान्सचे फायदे सांगायला सुरुवात केली, तू गप्प झालीस आणि माझं बोलणं राहून गेलं. म्हणून लिहितेय. फायनान्स घे की शिक्षणशास्त्र घे, हे मी या पत्रात सांगणार नाही. मला तुला एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. तू ज्या गावात लहानाची मोठी झालीस, त्याच मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्समध्ये तो हेडमास्तर होता, आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जाहीर करायच्या मुदतीपायी झोप उडालेल्या तुझ्यासारख्या मुलांचाच विचार त्यानं आयुष्यभर केला.

त्याचं नाव जेसी डेव्हिस. आधी तो डेट्रॉइटच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये होता. तिथे अकरावीची मुलं त्याच्या ताब्यात होती. कोणता विषय घ्यायचा, पुढे काय करायचं, हे विचारायला ती त्याच्याकडे येत. १९०७ साली तो ग्रँड रॅपिड्सच्या सेंट्रल हायस्कूलचा मुख्याध्यापक झाला आणि मुलांना व्यवसायाची वाट दाखवणं हे शाळेचंच काम आहे, असं धरून चालला. आज तुझ्या कॉलेजात त्यासाठी आख्खी कचेरी आहे. तेव्हा शाळाशाळांतून असं काही नव्हतं. मुळात हायस्कूल पुरं करणारेच थोडे. १९१० च्या सुमारास अमेरिकेत सतरा वर्षांच्या शंभर मुलांतली जेमतेम नऊ हायस्कूल पास होत. बाकीची केव्हाच गिरणीत, दुकानात नाहीतर शेतावर गेलेली असत. आपलं गाव तर फर्निचरचं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कारखान्यात काम मिळण्यासारखं होतं, मग शाळेत राहायचं कशाला, हा प्रश्न घराघरात होता.

डेव्हिसनं काय केलं, ते मला फार आवडतं. त्यानं मार्गदर्शनाचा नवा विषय काढला नाही. इंग्रजीचा तास सगळ्यांनाच असतो, तर व्यवसाय आणि चारित्र्य यांवरचे निबंध तिथेच लिहून घ्या, असं त्यानं शिक्षकांना सांगितलं. आठवड्यातून एक तास या कामासाठी. सुरुवात चरित्रांपासून. एखाद्या माणसाचं आयुष्य वाचायचं आणि त्याला कशानं यश आलं ते आपल्या शब्दांत मांडायचं. मग जगात कामं कोणकोणती आहेत, ते शोधायचं. त्यानंतर आपल्याला ओढ वाटते असं एक काम घ्यायचं, त्याला काय शिकावं लागतं, त्यात काय सोसावं लागतं हे लिहायचं. आणि वरच्या वर्गात शेवटी, त्या कामात नीतीनं कसं वागायचं आणि आपण गावाचं काय देणं लागतो, यावर लिहायचं.

क्रम बघ सई. पगाराचा आकडा पहिल्या निबंधात नाही. पहिला प्रश्न आहे, "माणूस म्हणून तुला कसं व्हायचंय?" १९१४ साली त्यानं या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातच व्यवसायाबरोबर नैतिक मार्गदर्शन आहे. आज काहींना तो उपदेश वाटेल. मला नाही वाटत. पंधरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी गंभीरपणे हा प्रश्न विचारतोय आणि उत्तर लिहायला कागद देतोय, ही मोठी गोष्ट आहे. आमच्या वेळी सांगलीत दहावीचा निकाल लागला की टक्केच सांगायचे: एवढे असले तर सायन्स, एवढे असले तर कॉमर्स, उरलेले आर्ट्स. मुलाला विचारायची पद्धतच नव्हती. मधल्या काही वर्षांत महाराष्ट्रात दहावीला कलचाचणी झाली, तुझ्या प्रणवदादानं दिलेली. निदान मुलाचा कल म्हणून काही असतो, हे तिनं मान्य केलं. पण चाचणीत तू खुणा करतेस आणि उत्तर दुसरा कुणी काढतो. निबंधात उत्तरही तुलाच काढावं लागतं.

त्याच सुमारास बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स नावाचे गृहस्थ दुसऱ्या टोकानं तेच करत होते. त्यांनी जानेवारी १९०८ मध्ये व्यवसाय निवडायला मदत करणारी कचेरी उघडली, स्थलांतरितांच्या वस्तीत त्यांच्याच मदतीसाठी चालवलेल्या एका सेवागृहात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते वारले. पुस्तक १९०९ मध्ये, त्यांच्यामागे निघालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आधी स्वतःला ओळख, मग कामाची खरी माहिती मिळव, मग दोन्ही समोर ठेवून विचार कर. सल्लागारानं मदत करायची, पण निवड ज्याची त्यानंच करायची. पुढे १९१३ मध्ये या कामातल्या लोकांनी देशपातळीवरची संघटना स्थापन केली, ती कुठे माहितेय? आपल्या ग्रँड रॅपिड्समध्ये. डेव्हिस नंतर तिचा अध्यक्षही झाला.

आता तुझ्या क्लबविषयी. डेव्हिसच्या शाळेतही मुलांचं व्यापारमंडळ होतं. गावातल्या व्यापाऱ्यांची, कारखानदारांची जी असोसिएशन ऑफ कॉमर्स होती, तिच्या धर्तीवर मुलांची कनिष्ठ संघटना. त्यामागचा हेतू साधा होता: धंदा करणारी माणसं मुलांनी जवळून बघावीत, त्यांना विचारावं. सार्वजनिक वाचनालयानंही त्याला साथ दिली, व्यवसायांवरची पुस्तकं या मुलांच्या हाती पडावीत म्हणून. मी रोज वाचनालयाच्या ज्या रायर्सन इमारतीत कामाला जाते, ती १९०४ पासून उभी आहे. तिथल्या वाचनकक्षातून जाताना ही मुलं माझ्या मनात येतात.

शाळेत असताना तू डेकामध्ये, त्या व्यापार-व्यवसायाच्या विद्यार्थी संघटनेत, किती रमली होतीस! परीक्षकासमोर बसून दहा मिनिटांत दुकानाची अडचण सोडवायची, ब्लेझर घालून. त्यानं तुझी भीड गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डेका १९४६ ची, त्याआधी १९१९ मध्ये ज्युनियर अचीव्हमेंट निघाली. तिच्यात मुलं स्वतःची छोटी कंपनी काढून वस्तू बनवून विकत. सगळ्यांची जातकुळी एकच. पण आत्ताच्या क्लबबद्दल तू जे सांगतेस, त्यात मला फक्त मुलाखतीची तयारी, लिंक्डइन आणि कुणाला कुठे इंटर्नशिप मिळाली हेच ऐकू येतं. काम करणारा माणूस दिवसभर काय करतो, कशानं थकतो, कशानं खूश होतो, हे तुमच्यापैकी कुणी विचारतं का? विचारत नसाल, तर त्यांचं "ठरलंय" ते कशाच्या आधारावर? त्यांना हिणवायला नाही म्हणत. तू त्यांच्याशी स्वतःची तुलना करून रडतेस, ते मला बघवत नाही.

डेव्हिसची मला न पटणारी बाजूही तुला सांगायला हवी. १९११ च्या एप्रिलमध्ये ग्रँड रॅपिड्सच्या फर्निचर कामगारांनी संप केला. हजारो माणसं रस्त्यावर होती, बरीचशी डच आणि पोलिश. मागणी होती दहा तासांऐवजी नऊ तासांचा दिवस आणि मजुरी मात्र दहाचीच. कॅथलिक बिशप श्रेम्ब्स कामगारांच्या बाजूनं बोलले, महापौर एलिस यांनाही त्यांच्याबद्दल कळकळ होती. तरी ऑगस्टमध्ये संप मोडला. कारखानदारांनी युनियन मानली नाहीच. शाळेतली मुलं तेव्हा चारित्र्य आणि यश यांवर निबंध लिहीत होती. कष्टाळू, प्रामाणिक, वेळ पाळणारा माणूस वर चढतो, हे त्या निबंधांचं गृहीतक होतं. पण लाकूड रंधणारा तो पोलिश बाप कष्टाळू नव्हता का? धंद्यातली माणसं मुलांना भेटवायची ठरवलं, तेव्हा मालकांइतकाच कामगारही समोर बसायला हवा होता. मुलींचंही तसंच. त्या काळी हुशार मुलीपुढे वाटा किती? शिक्षिका, नर्स, टायपिस्ट, वाचनालयातली नोकरी. तिच्या निबंधाचा शेवट बहुतेक आधीच लिहिलेला असायचा.

तुझ्या निबंधाचा शेवट कुणी लिहिलेला नाही. म्हणूनच तुला जड जातंय, हे मला कळतं.

शिक्षणशास्त्राचं नाव काढलं की तुझी मावशी म्हणते, "शिक्षकाला तिथे पगार तो किती!" पगाराचा प्रश्न खोटा नाही, घरभाडं त्यातूनच जातं. त्याची माहितीही काढ, अगदी आकड्यांत. पण उन्हाळी शिबिरात त्या छोट्या मुलाला अपूर्णांक समजल्यावर तू मला रात्री उशिरा फोन केला होतास. फायनान्सच्या वर्गाबद्दल तू इतक्या आनंदानं कधी बोललेली मला आठवत नाही. तरी माझ्या आठवणीवर विसंबून राहू नकोस, माझा ओढा कुठे आहे हे तुला माहितेय. बाबांचा ओढा दुसरीकडे आहे. तोही तुझ्या काळजीपोटीच, हे ध्यानात ठेव.

आता करायचं ते. तुझ्या सल्लागार बाईंना याच आठवड्यात विचार, मुदत एक सत्र पुढे नेता येते का. थँक्सगिव्हिंगला घरी येशील तेव्हा तीन माणसांना भेटूया. बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ फर्निचर कंपनीत हिशेबाचं काम बघतात. आमच्या वाचनालयात येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. तिसरं माणूस तू निवड, आणि त्याचं नाव मला लवकर कळव म्हणजे वेळ मागून ठेवीन. जाताना प्रश्न लिहून ने. सकाळी कामाला जाताना कसं वाटतं, हे विचार. हे काम सोडून देणाऱ्यांनी का सोडलं, हेही विचार. परत आल्यावर डेव्हिसच्या पोरांसारखं दोन पानं लिही, मराठीत लिही नाहीतर इंग्रजीत. आम्हाला वाचायला दिलं नाहीस तरी चालेल.

बेसनाचे लाडू आणि मेतकूट शुक्रवारी पोस्टात टाकते. डबा रूममेटबरोबर वाटून खा.

तुझी,
आई