अर्व्हिंग पेन केवळ फॅशनचे छायाचित्रकार नव्हेत

संपादक महोदय,

फॅशन छायाचित्रण म्हणजे महागडे कपडे, देखण्या मॉडेल आणि झगमगाट, एवढ्यावरच हा विषय आपल्याकडे बहुधा आटोपतो. अमेरिकी छायाचित्रकार अर्व्हिंग पेन (१९१७-२००९) यांनाही त्याच पंगतीत बसवून मोकळे होणारे भेटतात, तेव्हा मन विषण्ण होते. तरुणपणी चित्रकार व्हायचे म्हणून पेन मेक्सिकोत जाऊन राहिले. पण स्वतःची चित्रे पसंत पडेनात, तेव्हा ती त्यांनीच नष्ट केली. १९४३ मध्ये ते ‘व्होग’ या फॅशन मासिकात कलासंचालक अलेक्झांडर लिबरमन यांच्या हाताखाली मुखपृष्ठे सुचवण्याच्या कामावर लागले. त्या कल्पना तिथल्या छायाचित्रकारांच्या गळी उतरेनात, म्हणून लिबरमन यांनी पेन यांनाच कॅमेरा हाती घ्यायला सांगितले.

१९४८ च्या सुमारास त्यांनी स्टुडिओत लाकडी चौकटीचे दोन उभे पडदे चिंचोळ्या कोनात जोडले आणि नामवंतांना त्या बेचक्यात उभे केले. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ तिथे पाइप घेऊन उभे आहेत, मुष्टियोद्धा जो लुईसही त्याच अरुंद जागेत आहे. हलायला वाव नाही, मिरवायला सामान नाही. उरतो तो माणूस.

१९४८ च्या डिसेंबरात फॅशनच्या कामासाठी पेरूला गेलेले पेन, काम संपल्यावर, कुस्को गावी थांबले आणि नाताळच्या दिवसांत तिथल्या एका छायाचित्रकाराचा दिवसाच्या उजेडावर चालणारा स्टुडिओ त्यांनी भाड्याने घेतला. आपल्या तालुक्याच्या गावी असतो तसाच तो, रंगवलेला पडदा लावलेला. सणाचा फोटो काढून घ्यायला गावकरी आले, तर नेहमीच्या मालकाऐवजी हे गृहस्थ, आणि पैसे घेण्याऐवजी देणारे! तिथल्या एका चित्रात दोन अनवाणी मुले एकमेकांचा हात धरून, छोट्या बैठकीला टेकून, प्रौढांच्या गांभीर्याने आपल्याकडे पाहतात.

माझ्या मते पेन यांचे सर्वांत मोलाचे काम १९५० चे. पॅरिसमध्ये वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत, खिडकीतून येणाऱ्या उजेडात, नाटकाचा जुना पडदा मागे लावून ते त्या मोसमाचे उंची पोशाख टिपत होते. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी झालेल्या मॉडेल लिसा फोन्साग्रीव्ह्स यांची गाजलेली छायाचित्रे त्या वेळची. मधल्या वेळात त्याच पडद्यासमोर खाटीक, मिठाईवाले, पाठीवर काचा वाहणारा काचवाला असे कष्टकरी कामाच्या कपड्यांत, आपापली हत्यारे घेऊन उभे राहिले. ही मालिका पुढे लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये चालली. पेन यांनी नोंदवून ठेवले आहे, की पॅरिसच्या लोकांना यात काहीतरी काळेबेरे वाटे, लंडनचे मात्र वेळेवर आणि मानाने येत, तर न्यूयॉर्कचे काही जण दाढी करून ठेवणीतल्या कपड्यांत हजर होत. मॉडेलच्या गाऊनच्या घडीकडे ज्या एकाग्रतेने पेन पाहत, तीच त्यांनी खाटकाच्या एप्रनला दिली. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी प्लॅटिनम छपाई (चांदीऐवजी प्लॅटिनमच्या क्षारांनी छायाचित्र छापण्याची जुनी पद्धत) आत्मसात केली आणि हाताने रसायन चढवलेल्या कागदावर, पुन्हा पुन्हा थर देऊन, यांतली कित्येक चित्रे नव्याने छापली.

माणसांना परिसरातून तोडून रिकाम्या पडद्यासमोर उभे केले, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो. तो मला पुरता पटत नाही, कारण द्युशाँनाही त्यांनी तसेच उभे केले होते. खरी उणीव वेगळी आहे. द्युशाँ यांच्या चित्राखाली द्युशाँ यांचे नाव आहे. कष्टकऱ्यांच्या चित्राखाली फक्त धंदा आहे आणि कुस्कोच्या त्या मुलांच्या चित्राखाली केवळ गाव. उजेड सर्वांना सारखा मिळाला, नाव मात्र मिळाले नाही, ही खंत पेन यांची चित्रे मनापासून आवडणाऱ्यालाही बाजूला सारता येत नाही.

आपल्या वृत्तपत्रांतही मंत्र्यांच्या छायाचित्राखाली मागे उभ्या असलेल्यांसकट सर्वांची नावे येतात आणि भात लावणारी बाई मात्र ‘शेतात राबणारी महिला’ एवढीच उरते. आपल्या छायाचित्रकारांनी तिला नाव विचारावे, तिची हरकत नसेल तर ते फोटोओळीत छापावे, आणि शेजारी छायाचित्रकाराचेही नाव द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक छायाचित्रण-शिक्षक, सांगली