रोजच्या स्पोर्ट्स कारला जाड ऑइल कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या गाड्यांच्या पानावर मागे एका वाचकाने विचारलं होतं की स्पोर्ट्स कार रोज ऑफिसला नेतो तर ऑइल कुठल्या ग्रेडचं टाकू, आणि त्याला दोन ओळींत उत्तर मिळालं की इंजिन जोरात फिरतं म्हणून जाड ग्रेड टाका. हे उत्तर वाचून राहवलं नाही, कारण हाच सल्ला ऐकून मी दोन वर्षं चूक केलीये.

गाडी माझी छोटी, दोन सीटची, सेकंडहँड. मॅन्युअलमध्ये स्पष्ट ५डब्ल्यू-३० लिहिलंय, पण एका मेकॅनिकने सांगितलं स्पोर्ट्स कार आहे, २०डब्ल्यू-५० म्हणजे जाड ऑइल टाका, इंजिन सेफ राहील. टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट केली तर वरच्या बाजूने टॅपेटचा (इंजिनचे व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) टकटक आवाज, आधी तो सेकंदभरात बंद व्हायचा आता चार-पाच सेकंद चालू, पण ऑइल प्रेशरचा काटा मस्त वर चढलेला दिसायचा म्हणून मी निवांत होतो आणि तिथेच फसलो. प्रेशर वाढलं म्हणजे ऑइल जास्त पोचतंय असं नसतं हो, घट्ट ऑइल बारीक वाटांतून सरकत नाही म्हणून प्रेशर चढतं, आणि फारच चढलं की जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल बेअरिंगकडे जायचं सोडून मागच्या मागे परत फिरतं.

मुळात त्या आकड्यांबद्दलच गैरसमज खूप आहेत. डब्ल्यू म्हणजे वेट नाही, विंटर. पहिला आकडा ऑइल थंडीत कसं वागतं ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सियसला किती घट्ट राहतं ते. ०डब्ल्यू बघून लोक घाबरतात की हे तर पाण्यासारखं असेल, तर तसं अजिबात नाहीये. नेहमीचं ५डब्ल्यू-३० घ्या, १०० अंशांना त्याची व्हिस्कॉसिटी म्हणजे घट्टपणा साधारण १० ते ११ सेंटिस्टोक्स (घट्टपणा मोजायचं एकक) असते आणि तेच ऑइल ४० अंशांना ६०-७० च्या घरात, म्हणजे आपण ज्याला पातळ म्हणतो ते थंड असताना इंजिनला हवं त्याच्या सहापट घट्ट असतं! २०डब्ल्यू-५० तर ४० अंशांना दीडशेच्याही वर जातं.

आता रोजची गाडी म्हणजे काय, सकाळी थंड स्टार्ट, पंधरा-वीस मिनिटं चालवली, दिवसभर उभी, संध्याकाळी परत थंड स्टार्ट. पाण्याच्या तापमानाचा काटा लवकर मधे येतो पण ऑइल त्याच्या बरंच मागे असतं, माझ्या गाडीत ऑइलचा वेगळा गेज आहे, त्यावर ९० दिसेपर्यंत बऱ्याचदा मी पोचलेलो असतो. मग ज्या तापमानासाठी जाड ऑइल घ्यायचं ते तापमान येतच नसेल तर उपयोग काय.

ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे ऑइल १२० च्या वर जातं आणि भागांच्या मधे ऑइलची जाड फिल्म म्हणजे थर खरंच लागतो. सातव्या पिढीच्या शेवरोले कॉर्व्हेटच्या सुरुवातीच्या मॅन्युअलमध्ये हे सरळ लिहिलं होतं, ट्रॅकसाठी १५डब्ल्यू-५० टाका आणि नंतर ते काढून परत ५डब्ल्यू-३० भरा. एकच इंजिन, वापर बदलला की ऑइल बदललं. आणि 'स्पोर्ट्स कारचं ऑइल' असा एकच ग्रेड नसतोच, टोयोटा जीआर८६ ला ०डब्ल्यू-२० चालतं तर बीएमडब्ल्यूच्या व्ही-८ वाल्या एम३ ला १०डब्ल्यू-६० सांगितलंय. त्या एम३ मध्ये कुणी माझं पत्र वाचून पातळ ऑइल टाकू नका प्लीज, बेअरिंगच्या फटी आणि ऑइल पंप त्या त्या ग्रेडचा विचार करून बनवलेले असतात.

टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) असेल तर अजून एक गोष्ट, छोट्या फेऱ्यांत थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होत जातं. डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल आपोआप वाढलेली दिसली तर लवकर बदला. मॅन्युअलमध्ये दुसरा आकडा ३० आणि ४० अशा दोन्हीला परवानगी असेल तर अशा गाडीला मी ४० घेईन, पण परवानगी असेल तरच. आणि डब्यावर नुसता ग्रेड बघू नका, गाडीच्या कंपनीने मागितलेलं एपीआय किंवा एसीईए (ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या संस्था) चं स्पेसिफिकेशन आहे का तेही वाचा, दोन ५डब्ल्यू-३० मध्येसुद्धा खूप फरक असतो.

मी परत ५डब्ल्यू-३० वर आलो, टकटक पहिल्या सकाळीच कमी झाली. त्या दोन वर्षांत आतून किती झीज झाली ते इंजिन उघडल्याशिवाय कळणार नाही आणि त्याची रुखरुख आहेच. म्हणून विनंती आहे की त्या उत्तराची दुरुस्ती त्याच पानावर छापा, तो वाचक कदाचित याच आठवड्यात ऑइल बदलायला जात असेल.

आपला,
एक नियमित वाचक